फाटण्याआधी शिवायचे कसे? शाळेचे कपडे, जुन्या साड्या आणि माळ्यावरचे शिलाई मशीन

प्रश्न : पऱ्हाटीवाली (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. घरी पाच एकर कोरडवाहू वावर असून त्यात पऱ्हाटी आणि तूर असते. सासूबाई, मामंजी, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी सहा माणसे घरात आहेत. मुलगा येत्या जूनमध्ये सातवीत जाईल आणि मुलगी चौथीत. कापसाचे चुकारे कधीच संपले आहेत आणि आता मृग तोंडावर आला आहे. बियाण्याचे आणि खताचे पैसे यंदा व्याजाने आणायचे नाहीत, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे, आणि म्हणून दिवाळीपर्यंत घरात एकही नवा कपडा आणायचा नाही, असेही ठरले आहे. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे माझ्या हाताशी अजून पुरेशा दुपारी आहेत.

अडचण अशी की मला धावदोरा आणि बटण लावणे यापलीकडे शिवण येत नाही. मुलाच्या दोन्ही पँट गुडघ्यावर विरल्या आहेत, अजून भोक पडलेले नाही, पण पडेल असे दिसते. त्याचे सदरे बगलेत उसवतात. मी शिवते आणि पंधरा दिवसांत ते शिवणीच्या शेजारीच पुन्हा फाटतात. मुलीचा पिनाफोर उंचीला कमी पडू लागला आहे. सासूबाईंचे पायमशीन दहा वर्षांपासून माळ्यावर पडून होते, ते आम्ही खाली उतरवले आहे. चाक फिरते, पण जड फिरते. घरात जुन्या साड्यांचे एक गाठोडे आहे, त्यात सासूबाईंची सुती लुगडी थोडी आणि माझ्या पॉलिएस्टरच्या साड्या जास्त आहेत. यांची वाकळ होईल का?

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ठिगळाची पँट घालून शाळेत जाणार नाही, असे मुलाने मला सरळ सांगितले आहे. त्याला रागावावे असे मला वाटत नाही, कारण त्या वयात मलाही तसेच वाटले असते. जाणत्यांनी कृपया मार्ग सांगावा.

उत्तर : वर्धेची शिवणबाई

ताई, मी तीस वर्षे मुलींना शिवणकाम शिकवले आहे आणि तुमच्या प्रश्नातली एक ओळ वाचून मला फार बरे वाटले, ती म्हणजे "अजून भोक पडलेले नाही." बहुतेक जण भोक पडल्यावर सुई हातात घेतात, आणि तोवर आजूबाजूचे कापड इतके विरलेले असते की टाका धरायला जागाच उरत नाही. तुम्ही योग्य वेळी विचारले आहे.

आधी मशीन. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मशीनमध्ये जुने तेल गोंदासारखे घट्ट होते, चाक जड जाते ते त्यामुळे. सुईखालची पत्री काढा आणि दातांमध्ये अडकलेला कापसाचा बुरा जुन्या दातांच्या ब्रशने पूर्ण काढा. मग तेलाच्या प्रत्येक छिद्रात मशीनचे पातळ तेल सढळ हाताने सोडा, सुईत दोरा न ओवता दहा मिनिटे पायडल मारा, काळे पडून बाहेर येणारे तेल पुसा आणि हे दोन दिवस लागोपाठ करा. खाण्याचे तेल चुकूनही घालू नका, कारण त्याचाच पुढे गोंद होतो. चामड्याचा पट्टा सैल पडून चाकावरून घसरत असेल, तर आकडी काढून पट्टा अर्धा इंच कापावा, नवे छिद्र पाडावे आणि आकडी पुन्हा बसवावी. सुई मात्र नवी घ्या. शाळेच्या पँटच्या जाड कापडाला १६ नंबरची आणि सदऱ्याला १४ नंबरची चालते. सुईच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत लांब खोबण असते. ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला ती खोबण आली पाहिजे. सुई उलटी बसली की मशीन टाके सोडते आणि माणूस उगाच मशीनला दोष देतो. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे होत असेल, तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याच्या ताणात असतो. दाबपट्टी वर उचलून दोरा नव्याने ओवला की बरेचदा तेवढ्यानेच काम भागते.

आता गुडघा. पँट उन्हासमोर धरा. जिथून उजेड जाळीसारखा दिसतो तेवढा भाग विरला आहे असे समजून त्याच्याभोवती खडूने रेघ मारा, आणि त्या रेघेच्या बाहेर चारही बाजूंना एक एक इंच जास्त धरून अस्तराचा तुकडा कापा. हा जास्तीचा इंच फार महत्त्वाचा आहे, कारण ठिगळाची कड विरलेल्या कापडावर आली तर पुढची फाट नेमकी त्या कडेने जाते. तुमच्या सदऱ्याच्या बगलेत हेच होते आहे: तुम्ही विरलेल्या कापडाला विरलेल्या कापडाचाच आधार देत आहात. तुकड्याचे कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपरा धुण्यात उचलला जातो. तुकडा मुलाच्या लहानपणीच्या पँटचा मिळाला तर सर्वांत उत्तम, कारण तो धुऊन धुऊन आटलेला असतो. नवे सुती कापड लावायचे झाल्यास आधी भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटून गुडघ्याला चुण्या पडतात. कापडाचे उभे धागे, म्हणजे ताणा, पँटच्या उभ्या धाग्यांशी जुळवून तुकडा आतल्या बाजूने टाचा.

पायाच्या नळीत मशीन जात नाही, इथे नवशिक्या बायका अडतात. पँटच्या दोन बाजूंपैकी एका बाजूला साधी एकेरी शिवण असते. ती गुडघ्याच्या वर-खाली मिळून वीतभर उसवा, कापड सपाट होते. मग वरून पँटच्याच रंगाच्या दोऱ्याने दोन-दोन सुतांच्या अंतरावर उभ्या शिवणी माराव्यात आणि उसवलेली बाजू पुन्हा शिवून टाकावी. (इंचाचे आठ सूत, हे हिशेबासाठी लक्षात असू द्या.) दोन्ही गुडघ्यांना सारखेच करा, एक चांगला असला तरी करा. आतून अस्तर आणि बाहेरून सारख्या शिवणी असल्या की ते ठिगळ दिसतच नाही, पँटची मूळ शिवणच तशी आहे असे वाटते. मुलाला हे करून दाखवा आणि मगच त्याचे मत विचारा.

बगलेचे कारण वेगळे आहे. मुलगा वाढला आहे, सदरा खांद्यात तंग झाला आहे आणि हात वर केला की सगळा ओढा बगलेवर येतो. तिथे जुन्या शिंप्यांचा चौबगला बसवा: बगलेची शिवण तीन-तीन इंच उसवून त्यात अडीच इंचांचा चौकोनी तुकडा कोनावर उभा बसवायचा. हात मोकळा होतो आणि शिवण टिकते. तुकड्यासाठी कापड हवे असेल, तर सदऱ्याच्या शेपटीची दुमड जास्त असते, तिथून काढता येते.

कॉलर घडीवर विरली असेल तर ती उसवून उलटी करून लावा. खालची बाजू नव्यासारखी असते. पिनाफोरची दुमड सोडा. जुन्या घडीची पांढुरकी रेघ उरेल, तिच्यावर बारीक टक घाला किंवा काळी फीत लावा. आणि पुढच्या वर्षी कपडे शिवाल तेव्हा दुमडीत चार इंच ठेवायला सांगा. शिंपी कुरकुर करतील, तरी ठेवायला लावा.

तारेला अडकून कोनात फाटलेल्या कापडाला मात्र ठिगळ लावू नये, त्याला रफू करावे. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार-सहा धागे ओढून काढा, बारीक सुईत ओवा, आधी उभे धागे घाला आणि मग आडवा धागा एक वर एक खाली असा विणत जा. वळताना प्रत्येक टोकाला धाग्याचा किंचित सैल फास ठेवा, म्हणजे धुतल्यावर धागा आटला तरी कापड गोळा होत नाही. पहिले रफू वाईटच होते. माझे पहिले रफू आईने पूर्ण उसवायला लावले होते.

तुमच्या मुलाला बटण, काज आणि साधी तुरपाई शिकवा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. १९३७ साली आमच्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तेव्हा गांधीजींनी मुलांचे शिक्षण हातांच्या उद्योगातून व्हावे असा विचार मांडला होता, आणि त्या वेळी त्यांच्या मनात मुलगे आणि मुली असा भेद नव्हता. ज्या मुलाने स्वतःच्या गुडघ्याला अस्तर लावले आहे, त्याला त्या पँटची लाज वाटत असल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

उत्तर : तिफण (वाशीम जिल्हा)

ताईंनी कपड्यांचे सांगितलेच आहे, मी वावराच्या बाजूचे लिहितो, कारण घरातली अर्धी शिवण तिथल्या वस्तूंची असते.

खताची रिकामी पोती आम्ही टाकत नाही. शिवण उसवून ती सपाट करतो, धुऊन वाळवतो आणि दाभणाने सुतळी ओवून दहा-बारा पोती एकमेकांना जोडतो. तूर किंवा सोयाबीन वाळवायला पुरेल एवढे चवाळे होते. जोडताना दोन्ही कडा एकमेकींत दुमडून शिवाव्यात, नाहीतर विणीच्या पट्ट्या निसटत जातात. ही प्लास्टिकची वीण उन्हात कुजते, हात लावला की भुगा होतो, म्हणून काम झाल्यावर चवाळे सावलीत गुंडाळून ठेवावे. दाभण मी स्वतः चालवतो आणि माझा भाऊही चालवतो; हे काम बायांवर टाकायचे नसते असे आमच्या वडिलांचे म्हणणे होते.

पण ज्यासाठी मी मुद्दाम लिहायला बसलो, ती गोष्ट दुसरीच आहे. फवारणीच्या वेळी अंगात घातलेला सदरा, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा किंवा तोंडाला बांधलेले फडके वाकळीत, पायपुसण्यात किंवा चुलीजवळच्या फडक्यांत कधीही जाऊ देऊ नका. २०१७ च्या खरिपात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उजाड झाली, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते औषध कापडात मुरते आणि एका धुण्याने जात नाही. आमच्या घरी फवारणीचे कपडे वेगळ्या खुंटीला असतात, वेगळ्या बादलीत धुतले जातात, आणि फाटले की शिवले जात नाहीत. फाटक्या सदऱ्यातून औषध सरळ अंगावर येते, म्हणून तिथे काटकसर करायची नाही. फवारणीला पूर्ण बाह्यांचा, धड असलेला जुना सदराच द्यायचा. कीटकनाशकाची आणि बियाण्याची रिकामी पाकिटेही पिशव्या म्हणून वापरू नयेत. बियाण्याला जो रंग लावलेला असतो, तो औषधाचाच असतो.

वेचणीच्या वेळी साडीवरून घालायला मात्र घरातल्या माणसांचे इतर जुने सदरे फार कामाचे असतात. बोंडाच्या टोकांनी बाह्या ओरबाडल्या जात नाहीत आणि साडीही वाचते. वेचलेला कापूस ठेवायची कमरेची ओटी जुन्या सुती लुगड्याचीच करावी. गुळगुळीत साडीची गाठ ओझ्याने सुटते.

आपण सुती कापडाचा कच्चा माल गाडी भरभरून विकतो आणि अंगात मात्र पॉलिएस्टर घालून मे महिन्यात भाजून निघतो, याचे मला फार वाईट वाटते. सासूबाईंची ती लुगडी जपून वापरा, ताई.

उत्तर : झाडीपट्टीची लेक (भंडारा जिल्हा)

वाकळीचे मी सांगते, कारण आमच्याकडे धानाचे काम सरले की दुपारी हेच चालते.

पॉलिएस्टरच्या साड्यांची वाकळ होते, पण त्या कुठे घालायच्या हे कळले पाहिजे. पॉलिएस्टर घाम शोषत नाही आणि विस्तवाची ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते. हिवाळ्यात मुले शेकोटीजवळ वाकळ गुंडाळून बसतात, त्यामुळे वरचा आणि खालचा थर सुतीच असला पाहिजे. पॉलिएस्टर मधल्या थरांत घालावे. तिथे ते वजनाला हलके राहते आणि वाकळ लवकर वाळते.

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. तिचे तीन सारखे भाग केले, की जवळपास सहा फुटांचा एकेक थर मिळतो. एका माणसाच्या वाकळीला एक सुती आणि एक पॉलिएस्टर साडी घेतली तर सहा थर होतात, त्यातले वरचे-खालचे सुती आणि मधले चार उरलेल्यांचे. सहापेक्षा जास्त थर घेऊ नका, सुई जात नाही आणि बोटे सोलतात. किनार आधी कापून बाजूला ठेवा. साडीचे अंग विरले तरी किनार मजबूत असते. तिची वाकळीला गोट लावता येते, पिशवीचे बंद होतात, परकराची नाडी होते.

सारवलेली ओसरी झाडून घ्या, थर एकावर एक अंथरा, हाताने मध्यापासून कडेकडे सारखे करत जा आणि चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, काहीही जड ठेवा. मग दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने वीत-वीतभर टाक्यांचा कच्चा धावदोरा घाला. हा कंटाळवाणा भाग कुणी टाळू नये, पॉलिएस्टर आतल्या आत सरकते आणि शेवटी वाकळ एका कोपऱ्यात गाठोड्यासारखी होते. माझी पहिली वाकळ अशीच झाली आणि ती आजही आमच्या कुत्र्याखाली आहे. पक्के टाके मध्यापासून बाहेर घालत जावे, दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवावे. तुम्हाला धावदोरा येतो असे तुम्ही लिहिले आहे. वाकळीला त्यापेक्षा जास्त काही यावे लागत नाही.

सुती लुगड्यांपैकी जी फक्त मध्ये विरली आहेत, ती मात्र वाकळीत घालू नका, त्यांना दांड भरा. विरलेला मधला भाग आडवा कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे चपट्या शिवणीने जोडायचे. नऊवारीतला वारभर भाग गेला तरी आठ वार उरते, आणि सासूबाईंना घरात नेसायला ते पुरते. जोड निऱ्यांत येईल असे नेसले की दिसत नाही. आमच्या आजीच्या सगळ्या लुगड्यांना दांड होते.

आता थोडे मतभेदाचे. वरच्या दोन्ही उत्तरांतला शब्दन् शब्द मला मान्य आहे, पण या कामाला वेळ लागतो आणि तो वेळ बाईचाच जातो, हे कुणी तरी लिहायला हवे होते. एका वाकळीला माझ्या दहा-बारा दुपारी जातात. ज्या दिवसांत निंदणाला जाऊन रोजी मिळते, त्या दिवसांत मी विरलेल्या बनियनला रफू करत बसत नाही. ते सरळ पुसायला घेते. म्हणून गाठोडे सोडताना तीन ढीग करा: ज्याच्या दुरुस्तीने सहा महिने निघतील ते, जे कापून दुसऱ्या कामाला येईल ते, आणि फक्त फडकी होतील ते. पहिल्या ढिगालाच सुई लावा. आणि दादांनी लिहिल्याप्रमाणे दाभण पुरुषांच्या हातात जाऊ शकते, तर सुईही जाऊ शकते. तुमच्या यजमानांना कच्चा धावदोरा घालायला बसवा.

मुलाच्या लाजेबद्दल एवढेच सांगते, की त्याला गाडगेबाबांची गोष्ट घरात सांगा, पण त्या पँटच्या निमित्ताने सांगू नका. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा माणूस आयुष्यभर चिंध्या जोडलेले कपडे अंगावर वागवत आला, आणि त्याने गोळा केलेल्या पैशातून गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या. हे मुलांना शाळेत शिकवतातच. पण आईने ठिगळ लावताना ते ऐकवले, की मुलाला तो उपदेश वाटतो आणि त्याचे मन मिटते.

पुन्हा : पऱ्हाटीवाली

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

मशीन चालू झाले. पत्रीखालून एवढा बुरा निघाला, की सासूबाई म्हणाल्या, यात माझ्या मुलाच्या लग्नातली झालर अजून आहे. सुई खरोखरच उलटी बसवलेली होती. पहिल्या पँटला मी जास्तीचा इंच धरला नव्हता, तो पुन्हा उसवून धरला. दुसऱ्या पँटला मुलाने स्वतः खडूची रेघ मारली. मी सांगितले नव्हते, तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि उन्हासमोर पँट धरून म्हणाला की इथून इथपर्यंत आहे. शिवणी मी मारल्या. त्याने दोन्ही पँट घालून पाहिल्या, काही बोलला नाही, आणि घडी करून दप्तराखाली ठेवल्या. ठिगळाचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

तीन ढीग केले. फवारणीचे दोन सदरे त्या गाठोड्यात होते, हे वाचून मी थिजून गेले होते. ते काढून वेगळ्या खुंटीला लावले. दोन लुगड्यांना दांड भरले आहेत. सासूबाईंची नजर आता सुईला चालत नाही, पण कापड कुठे विरले आहे हे त्या डोळे मिटून बोटांनी सांगतात आणि ते मी उजेडात पाहिले तेव्हा बरोबर तेवढेच होते. वाकळ अर्धी झाली आहे. कच्चा धावदोरा यजमानांनी घातला, टाके वाकडे आहेत, पण थर सरकलेले नाहीत.

एक शेवटचे विचारते. मुलीच्या दप्तराची चेन बंद केली की मागून उघडत जाते. दात सगळे जागेवर आहेत. नवी चेन लावावी लागेल का?

उत्तर : वर्धेची शिवणबाई

दात जागेवर असतील तर चेन बदलू नका, ताई. ओढणारी चिमटी झिजून सैल झाली आहे. चिमटी चेनच्या सुरुवातीला आणा, म्हणजे चेन पूर्ण उघडलेली असेल तिथे, आणि लहान पकडीने तिची मागची बाजू आधी डावीकडे आणि मग उजवीकडे अगदी हलके दाबा. एकदा दाबून चेन लावून पाहा, मगच पुन्हा दाबा, कारण जास्त दाबली तर धातू तडकतो. दातांवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवला की ओढायला सोपी जाते. एखादा दात पडलेला असता तरच नवी चेन लागली असती.